येझदीचा सायलेन्सर नट पुन्हा पुन्हा सुटतो? आधी मागचा बोल्ट काढून बघा

तक्रार अशी असते. जुन्या जावाला किंवा येझदीला बाजारातला नवा सायलेन्सर सेट बसवला. बेंड पाईप (सिलिंडरपासून सायलेन्सरपर्यंतचे वाकडे पाईप) नवे, सायलेन्सर नवे, क्रोम झगझगीत. पहिले चार दिवस गाडी मजेत चालते. मग सिलिंडरजवळून कोरडा टक्-टक् आवाज येऊ लागतो, बेंड सिलिंडरला धरणाऱ्या नटाखालून काळं तेल ओघळतं, बुटाच्या टोकावर ठिपके पडतात आणि चढावर गाडीचा दम तुटतो. नट आवळला की सगळं थांबतं. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की पुन्हा तेच.

माझ्याकडे 1981ची येझदी रोडकिंग आहे, नानांनी घेतलेली. तिचे मूळ सायलेन्सर आतून सडून गेले म्हणून मी इथे इंदुरातच एका दुकानातून नवा जोड घेतला आणि पुढचे चौदा महिने या नटाच्या मागे घालवले. त्या चौदा महिन्यांत जे कळलं ते लिहितो, कारण हीच तक्रार घेऊन रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंतचे चार-पाच येझदीवाले माझ्याकडे येऊन गेले आणि सगळ्यांच्या गाडीचं दुखणं एकच निघालं.

ज्यांच्या हाती ही गाडी नवीन आली आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगतो. हिचा सिलिंडर एकच, पण एक्झॉस्टची तोंडं दोन. बोर 65 मिमी, स्ट्रोक 75 मिमी, 248.5 सीसी. एका सिलिंडरला दोन बेंड, दोन सायलेन्सर आणि दोन मोठे गोल नट. बेंडच्या टोकाला बाहेर वळवलेली कॉलर असते. ती सिलिंडरच्या तोंडावर टेकते, मध्ये पॅकिंगची रिंग असते, आणि नट कॉलरला मागून दाबत सिलिंडरच्या आट्यांवर चढतो. बाकी काही नाही. म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद झाला, त्यामुळे आज मिळतो तो जवळजवळ सगळा माल नंतर कोणीतरी नमुना बघून बनवलेला. आणि 2018 पासून आलेल्या नव्या जावाचे भाग यात बसतील असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ती फोर-स्ट्रोक गाडी आहे, आपली टू-स्ट्रोक.

मी केलेल्या चुका

पहिली चूक सगळेच करतात. नट सुटतो म्हणजे कमी आवळला आहे, असं समजून मी तो जोर लावून आवळला. हुक पाना (गोल नटाच्या खाचेत दात अडकवून फिरवायचा पाना) नव्हता, म्हणून छिन्नी लावून हातोडीने. नटाच्या खाचा चेचल्या गेल्या, क्रोम उडालं आणि नट तरीही सुटला. छावणीतल्या एका उस्तादांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘भिया, चूड़ी है, कितना खींचोगे?’ चूड़ी म्हणजे आटे. त्यांचं बरोबर होतं. सिलिंडर बिडाचा आहे. नट दुसरा मिळेल, पण सिलिंडरवरचे आटे गेले की लेथवर नवे आटे पाडून त्या मापाचा वेगळा नट बनवून घ्यावा लागतो. छिन्नी अजिबात वापरू नका. हुक पाना बाजारात मिळतो, नाही मिळाला तर जाड पट्टीला दात काढून कोणीही फॅब्रिकेटर करून देतो. नटाच्या गोलाईशी त्याची गोलाई जुळली पाहिजे, एवढंच बघा.

दुसरी चूक पॅकिंगची. एकाच्या जागी दोन रिंगा टाकल्या, वरून जुन्या पद्धतीची ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली. मऊ पॅकिंग गरम झालं की बसतं, बसलं की नटाखालची पकड सैल होते, आणि नट मोकळा. (जुन्या गाडीत अशी दोरी सापडली तर ती कोरडी खरवडू नका. पाण्याने भिजवा, तोंडाला मास्क लावा, निघालेला चोथा पिशवीत बांधून टाका. ती धूळ छातीत जाऊन बसते.)

तिसरी चूक मला सर्वांत महाग पडली. बेंड जिथे सायलेन्सरमध्ये शिरतो त्या जोडातून तेल झिरपत होतं, म्हणून मी तो जोड वेल्ड करून घेतला. त्यानंतर नट दीडशेऐवजी साठ किलोमीटरवर सुटायला लागला. त्या वेळी याचा अर्थ कळला नाही. कळला असता तर निम्मे महिने वाचले असते.

चौथी चूक शोभेची. पंख असलेला ॲल्युमिनियमचा नट मिळाला, सुंदर दिसत होता, बसवला. माझा जुना नट लोखंडी होता. ॲल्युमिनियम तापून जितकं फुगतं त्याच्या निम्मंच बीड फुगतं: दर अंशाला दशलक्षामागे 23 विरुद्ध 10-11. नटाचा आतला व्यास 50 मिमी धरा आणि तिथलं तापमान 200 अंशांनी वाढलं असं धरा. नट 0.23 मिमी मोठा होतो, सिलिंडरचं तोंड 0.11 मिमी. म्हणजे ज्या वेळी पकड सगळ्यात जास्त हवी, नेमक्या त्याच वेळी आट्यांमध्ये 0.12 मिमीची मोकळी जागा वाढते. थंड गाडीवर नट घट्ट लागतो, घाटात सुटतो. तुमच्या गाडीवर असा चकचकीत हलका नट असेल तर बाकीचं काही तपासण्याआधी तो बदला.

मग मागचा बोल्ट काढला

आमच्या गल्लीत एक काका राहतात, कापडगिरणीत आयुष्यभर फिटर होते. मी अंगणात नट आवळत बसलो होतो. ते फाटकाशी थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘अरे, पुढे कशाला मारतोयस? मागचा बोल्ट काढ आणि बघ पाईप कुठे जातो.’

पुढचा नट घट्ट ठेवून मी सायलेन्सरचा मागचा बोल्ट काढला. शेवटचा आटा सुटला तसा उजवा सायलेन्सर खटकन बाहेरच्या बाजूला सरकला. मोजलं तर 9 मिमी. डावा 4 मिमी. इतके दिवस मी तो पाईप हाताने आत ढकलून, चेसिसवरच्या ब्रॅकेटला लावून, बोल्ट घालत होतो आणि ‘बसला’ म्हणत होतो. तो बसला नव्हता, दाबून धरलेला होता. दाबलेली ती सगळी ताकद दुसऱ्या टोकाला, नटाखालच्या कॉलरवर, एका बाजूने येत होती. कॉलर तिरपी टेकलेली, वर इंजिनची थरथर. असा नट कोणीही कितीही आवळला तरी सुटणारच. दोष नटाचा नाही. पाईप जिथे स्वतःहून राहू इच्छितो तिथे आपण त्याला राहू देत नाही, म्हणून नट सुटतो.

तुम्ही पहिल्यांदा हेच करा. गाडी थंड, पुढचा नट आवळलेला, बेंड आणि सायलेन्सरच्या जोडावरची मधली क्लिप आवळलेली, मागचा बोल्ट काढा. पाईप जागचा हलला नाही तर तुमचा आजार वेगळा आहे. दोन मिलिमीटरपर्यंत हलला तर चालण्यासारखं आहे. त्याहून जास्त हलला तर नटाला हात लावू नका, ब्रॅकेटकडे जा.

बेंड तापवून वाकवायचा मोह होतो. क्रोम जळतं आणि आतल्या बाजूला सुरकुती पडते, म्हणून मी ते केलं नाही. पोलोग्राउंडच्या लेथवाल्याकडून 9 मिमी आणि 4 मिमी जाडीचे दोन लोखंडी बुश करून आणले आणि ब्रॅकेट व सायलेन्सर यांच्या मधल्या फटीत घातले. चार वॉशर एकावर एक ठेवूनही काम होतं, पण वॉशर एकमेकांवर घासतात आणि महिन्याभरात खुळखुळतात. बुशच करा.

त्याच वेळी ब्रॅकेटचं भोक मी कानशीने मागे-पुढे लांबट केलं. कारण असं की लोखंड तापलं की लांबीलाही वाढतं. 700 मिमी पाईप 200 अंशांनी तापला तर दीड मिलिमीटरहून जास्त लांब होतो. चेसिस तापत नाही, ती जागची हलत नाही. मग ही वाढ कुठे जाणार? मूळ रचनेत ती बेंड आणि सायलेन्सरच्या मधल्या सरकत्या जोडात जिरते. मी तोच जोड वेल्ड करून टाकला होता! वाढीला वाट उरली नाही, ती सरळ जाऊन नटावर धडकली. साठ किलोमीटरचं कोडं असं सुटलं. वेल्डिंग कापलं, तोंड लेथवर साफ केलं, आणि आता तिथे जास्त तापमान सोसणाऱ्या सिलिकॉनचा पातळ हात आणि वर क्लिप एवढंच आहे. थोडं तेल झिरपतं. झिरपू दे, पुसता येतं.

कॉलर आणि शेंदूर

ताण काढल्यावर डावा नट बरा झाला, उजवा मात्र अजून तीनशे किलोमीटरवर सैल होत होता. इथे काकांची दुसरी युक्ती कामी आली. शेंदूर गोड्या तेलात कालवायचा आणि बोटाने सिलिंडरच्या तोंडावर अगदी पातळ लावायचा. पॅकिंग न घालता बेंड टेकवायचा, हाताने दाबून जरासा फिरवायचा आणि काढून कॉलरवरचा डाग बघायचा. पूर्ण गोल रंगला तर कॉलर सपाट आहे. गिरण्यांमधले फिटर बेअरिंगची बैठक अशीच बघत. शेंदूर शिशाचा असतो, तेव्हा हात साबणाने धुवा आणि वाटी स्वयंपाकघरातली घेऊ नका.

माझ्या उजव्या कॉलरवर अर्ध्या गोलापेक्षाही कमी रंग लागला. नमुना बघून बनवलेल्या पाईपांमध्ये हे फार दिसतं: कॉलर दाबयंत्रावर वळवतात, ती एकसारखी येत नाही. जाड काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून मी कॉलर त्यावर आठाच्या आकड्यात घासली, दर पाच मिनिटांनी शेंदूर लावून तपासली. दोन संध्याकाळी गेल्या. घाई असेल तर लेथवर होतं, पण वाकडा बेंड चकमध्ये धरणं सोपं नाही आणि लेथवाले तोंड वाकडं करतात.

आणखी एक फसवी गोष्ट तपासा. बाजारातल्या पाईपांची कॉलर पातळ असते. त्यामुळे नट सिलिंडरच्या पंखांना जाऊन टेकतो आणि तिथे थांबतो, कॉलरवर दाब येतच नाही. पान्याला वाटतं घट्ट झालं. ओळखायची रीत सोपी: नट पूर्ण आवळा, मागचे बोल्ट आणि क्लिप सैल ठेवा आणि बेंड दोन्ही हातांनी पिळा. हलला तर नट आधीच तळाला टेकला आहे. अशा वेळी जाड रिंग हवी.

रिंग तांब्याची घ्या. 2 मिमी जाडीची तांब्याची तार कसेरा बाजारात मिळते, तिची बरोबर मापाची रिंग करून टोकं चांदीच्या झाळीने जोडून घेता येतात. बसवण्याआधी रिंग गॅसवर लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं. मऊ रिंग कॉलरच्या बारीक उंचसखल भागात भरून बसते. एकदा वापरलेली रिंग थरथरीने कडक होते, ती काढली की पुन्हा तापवा. माझी रिंग आता तिसऱ्यांदा वापरात आहे.

बसवायचा क्रम

पूर्ण सेट आधी सगळीकडून सैल जोडा. नट हाताने चढवताना पहिल्यांदा उलटा फिरवा, आटा खाली पडल्याचा ‘टक्’ जाणवला की मग सुलटा. ही सवय लागली की आटे कधी तिरके चढत नाहीत. आट्यांवर ग्राफाइट किंवा तांब्याचं ग्रीस बोटाने लावा. टेफ्लॉन टेप, इपॉक्सी लांबी यांचं तिथे काही काम नाही, ती उष्णता त्यांना सोसत नाही.

मग इंजिनकडून मागे येत आवळा. आधी दोन्ही नट, दोन्ही बाजूंना थोडे थोडे. मग मधल्या क्लिपा. मागचे बोल्ट सगळ्यात शेवटी. बहुतेक गॅरेजांत उलटं करतात: आधी मागचा बोल्ट, कारण जड सायलेन्सर हातात धरून ठेवायला कोणी नसतं. एक विटकर आणि पोत्याचा तुकडा सायलेन्सरखाली ठेवला की दुसरा माणूस लागत नाही. आवळण्यापूर्वी डावीकडे किक दांडा पूर्ण खाली दाबून बघा. आपल्या गाडीला किक आणि गिअरचा दांडा एकच, तो दोन्ही कामांत पाईपला घासता कामा नये. उजवीकडे ब्रेक पेडलसाठी तेच.

इंजिन चेसिसला धरून ठेवणारे फाऊंडेशन बोल्ट मात्र या सगळ्याआधी तपासा. पाईपचं एक टोक इंजिनवर आणि दुसरं चेसिसवर आहे. इंजिनच आपल्या जागी हलत असेल तर मी वर लिहिलेलं सगळं वाया जाईल. माझा मागचा फाऊंडेशन बोल्ट अर्धा फेरा सैल निघाला होता.

गाडी सुरू करून पाच मिनिटं चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, नट पुन्हा आवळा. वीस किलोमीटरनंतर एकदा, शंभरनंतर एकदा. पहिल्या दोन वेळी थोडासा फिरेल, तिसऱ्यांदा फिरू नये. मग नटावर आणि सिलिंडरच्या पंखावर मिळून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटली की नट हलला. पाना लावून ‘घट्ट वाटतो’ यापेक्षा ही रेघ खरी.

गळती उरली आहे का ते ऐकायचं असेल तर गाडी मंद सुरू ठेवून कोणाला तरी दोन्ही सायलेन्सरच्या शेपटांवर ओला फडका क्षणभर धरायला सांगा. जोडात फट असेल तिथून फुस्स आवाज येतो. फडका लगेच काढा.

सायलेन्सर बदलला तर कार्बुरेटरही बघा

याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि पिस्टन तापून सिलिंडरमध्ये पकडल्यावर रडतात. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर नुसता आवाज कमी करत नाही. जळालेला वायू बाहेर जाताना दाबाची लाट पाईपमध्ये जाते, उलटून परत येते, आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण मागे ढकलते. सायलेन्सरच्या आतली भोकांची जाळी बदलली, लांबी बदलली, की ही वेळ चुकते. जाळी काढून ‘मोकळा’ केलेल्या येझदीचा आवाज मोठा होतो आणि खालचा दम जातो, हे मी स्वतःच्या गाडीवर करून पाहिलं आहे. शिवाय ते बेकायदा आहे: केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 120 क्रमांकाचा नियम सायलेन्सरबद्दलच आहे. पण कायदा नसता तरी मी जाळी पुन्हा काढली नसती. ही गाडी तिच्या ओढीसाठी घ्यायची, फटाक्यासाठी नाही.

नवा सेट बसला की प्लग वाचा, म्हणजे स्पार्क प्लगच्या रंगावरून पेट्रोल-हवेचं मिश्रण ओळखा. मी खंडवा रोडने सिमरोल ओलांडून भेरूघाटात जातो. खालून वर परत येताना, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण ठेवून, वर पोचताच क्लच दाबून इग्निशन बंद करायचं, बाजूला थांबून प्लग काढायचा. मागे वाहन नाही हे बघूनच. चहाच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढरट, कोरडा असेल तर पेट्रोल कमी पडतंय, कार्बुरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक माप मोठा टाका आणि तोवर गाडी जोरात पळवू नका. काळा ओला असेल तर उलट. बेंड पहिल्याच फेरीत निळा-जांभळा पडला तर मिश्रण पातळ आहे किंवा इग्निशनचं टायमिंग मागे आहे. तेल मी लिटरला 40 मिली घालतो, ते धूर दिसतो म्हणून कमी केलेलं नाही.

जुनाच सायलेन्सर ठेवून फक्त बेंड बदलले असतील तर जाळी काढून काजळी बघा. भोकं बुजली असतील तर वायू जिथे वाट मिळेल तिथून निघतो, आणि ती वाट म्हणजे तुमचं पॅकिंग. कॉस्टिक सोड्यात रात्रभर बुडवून साफ होते. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, हातमोजे आणि चष्मा घालायचा, आणि ॲल्युमिनियमचं काहीही त्यात जाऊ द्यायचं नाही.

हे सगळं केल्यानंतर माझी गाडी 1,100 किलोमीटर चालली आहे, त्यात दोनदा ओंकारेश्वर. डावी रेघ जशीच्या तशी आहे. उजवी सहाशेच्या आसपास दोन मिलिमीटर सरकली, मी नट आवळला नाही, फक्त नवी रेघ शेजारी ओढली. ती अजून जागेवर आहे.